बारा दिवसांचे पाहुणे, बारा महिन्यांची मंडळी

अभ्यासपाठ
वाचनासाठी शास्त्रभाग: लूक 10:1-20, प्रेषितांची कृत्ये 11:27-30 आणि 17:1-10, 2 करिंथ 8:1-21



परदेशात जाऊन दहा-पंधरा दिवस प्रभूची सेवा करावी, अशी इच्छा बोलून दाखवणारे तरुण मला वरचेवर भेटतात. त्यांना आर्थिक मदत करणारे मंडळीतील वडीलजन दोन प्रश्न हमखास विचारतात. इतक्या थोड्या दिवसांत खरोखर काय होते? आणि प्रवासाला घालवलेला पैसा तिथेच पाठवला तर जास्त उपयोग होणार नाही का? हे प्रश्न अविश्वासातून आलेले नाहीत. देवाच्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्याने ते विचारलेच पाहिजेत.

या विषयाकडे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. नंदुरबार जिल्ह्यातील पाड्यांवर काम करताना बाहेरून येणाऱ्या कितीतरी गटांचे मी यजमान म्हणून स्वागत केले. मार्च 2017 मध्ये आम्ही नऊ जण बारा दिवसांसाठी नेपाळमधील धादिङ जिल्ह्यात, डोंगरावरच्या एका चेपाङ गावात पाहुणे म्हणून गेलो. फेब्रुवारी 2019 मध्ये आमच्यातील चौघे पुन्हा तिथे गेले. दोन्ही अनुभवांतून आणि शास्त्राच्या अभ्यासातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली, आणि तीच या पाठाचा गाभा आहे: अल्पकालीन सेवक पाहुणा असतो. काम त्याच्या येण्याआधी सुरू झालेले असते, आणि तो गेल्यावर त्याची किंमत यजमान मंडळी भरते. म्हणून काम, शब्द आणि पैसा यांविषयीचा निर्णय यजमानांच्या हाती असावा.

1. आपल्या आधी कोण होते?

लूक 10:1 मध्ये प्रभूने शिष्यांना जोडीजोडीने पाठवले. त्यांची संख्या काही भाषांतरांत सत्तर, तर काहींत बहात्तर आहे. त्याहून महत्त्वाचे हे की, ज्या ज्या गावी तो स्वतः जाणार होता, तिथेच त्याने त्यांना आपल्यापुढे पाठवले. ते गावाचे तारणारे नव्हते. तारणारा मागाहून येणार होता. दुसऱ्या वचनात पिकाला धनी आहे असे सांगितले आहे. म्हणजे शेतही आपले नाही आणि पेरणीही आपण केलेली नाही.

नेपाळच्या बाबतीत ही गोष्ट इतिहासातही स्पष्ट दिसते. 1914 साली संपूर्ण बायबल नेपाळी भाषेत प्रसिद्ध झाले, ते दार्जिलिंगच्या गंगाप्रसाद प्रधान यांच्या दीर्घ परिश्रमांमुळे. त्याच वर्षी ते कुटुंबासह काठमांडूला परतले, पण राज्यकर्त्यांनी त्यांना तिथे राहू दिले नाही. 1951 मध्ये राणा राजवट संपेपर्यंत त्या देशाचे दार बंदच होते. डॉ. लिली ओ'हॅनलन आणि हिल्डा स्टील या दोन स्त्रियांनी सरहद्दीच्या अलीकडे, नौतनवा येथे अनेक वर्षे वाट पाहिली. तिथे येणाऱ्या नेपाळी लोकांना त्या औषधपाणी करीत, भाषा शिकत आणि प्रार्थना करीत. 1952 मध्ये त्यांचा गट पोखऱ्याला पोहोचला, तेव्हा त्यांच्याबरोबर नेपाळी विश्वासीही होते. 1954 मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळची स्थापना झाली. परदेशी सेवकांनी शासनाशी करार करून इस्पितळे आणि शाळा चालवल्या, आणि धर्मांतर घडवून आणणार नाही ही अट पाळली. मंडळ्या वाढल्या त्या नेपाळी विश्वासणाऱ्यांच्या साक्षीने. त्यासाठी 1990 पर्यंत अनेकांनी तुरुंगवास सोसला. 2021 च्या जनगणनेत त्या देशात सुमारे 5 लाख 12 हजार ख्रिस्ती लोकांची नोंद झाली आहे.

आम्ही गोरखपूरहून सुनौलीच्या सरहद्दीकडे निघालो, तेव्हा नौतनवा वाटेतच होते. गटातील तरुणांना मी हा इतिहास तिथे सांगितला. ज्या वाटेवरून आपण केवळ मतदार ओळखपत्र दाखवून पलीकडे जातो, तिथे कोणीतरी वर्षानुवर्षे थांबले होते, एवढे कळले तरी पाहुण्याचा आवाज आपोआप खाली येतो.

आपण परदेशात प्रकाश घेऊन चाललो आहोत, असे निरोपाच्या सभेत सहज बोलले जाते. पण जिथे आपण जातो तिथे बहुधा मंडळी असते, पाळक असतो, दुःख सोसलेले वडीलजन असतात. आपण त्यांच्या हाताखाली काम करायला जातो.

2. त्याच घरी राहा, वाढतील ते खा

लूक 10:4-8 मध्ये प्रभूने दिलेल्या सूचना ऐकून आजच्या प्रवास कंपनीला धक्का बसेल. पैशाची पिशवी नको, झोळी नको. एका घरी शांतीची आशा धरून जा, तिथेच राहा, घरे बदलू नका, आणि पुढ्यात येईल ते खा. याचा अर्थ असा की, पाठवलेल्याला यजमानाची गरज लागावी, अशीच प्रभूची योजना होती. जो घेऊ शकत नाही, त्याला देताही येत नाही.

धादिङच्या त्या गावात शनिवारी उपासना होते, कारण नेपाळमध्ये सुट्टीचा वार शनिवार आहे. पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या बाजूंना जमिनीवर बसतात. 'जयमसीह' म्हणून एकमेकांना नमस्कार करतात. नेपाळी भाषाही देवनागरीतच लिहिली जाते, आणि चर्चला तिथे 'मण्डली' म्हणतात. पत्र्याच्या छपरावर रंगवलेला तो शब्द वाचून आमच्या गटातील सर्वांत लहान मुलगा म्हणाला, "ताई, इथेही मंडळीच!"

जेवणात बहुधा ढिंडो असे, म्हणजे पीठ पाण्यात शिजवून घोटलेला घट्ट गोळा. ते पीठ कोदोचे होते. आपल्याकडे कोद्रा म्हणतात ते हे धान्य नव्हे. नेपाळी कोदो म्हणजे आपली नागली. शहरातून आलेल्या दोघांना पहिले दोन दिवस घास उतरला नाही. पण आमच्याबरोबरच्या मावची आणि पावरा तरुणांनी ताट पाहताच ओळखले. त्यांतील एकाने यजमान दिदींना खुणेने विचारून चुलीपुढे बसकण मारली आणि दुसऱ्या दिवशी नागलीची भाकरी थापून सर्वांना खाऊ घातली. दिदींनी त्याला घरामागचे चिउरीचे झाड दाखवले. चेपाङ लोक चिउरीच्या बियांपासून तूप काढतात, आणि मुलीच्या लग्नात चिउरीची झाडे तिला देण्याची त्यांची जुनी रीत आहे. त्या मुलाने आपल्या मोहाच्या झाडाविषयी सांगितले. ही दोन्ही झाडे एकाच कुळातील आहेत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी त्यांचे संभाषण तासभर चालले.

जेवण प्रेमाचे असले तरी ते फुकट नसते, हेही लक्षात ठेवावे. डोंगरावरच्या गरीब गावाने नऊ माणसांना बारा दिवस जेवू घालायचे, म्हणजे काही घरांचे कित्येक आठवड्यांचे धान्य संपते. म्हणून जेवणखर्चाची रक्कम मंडळीच्या वडीलजनांशी आधीच ठरवावी आणि पोहोचल्याच दिवशी खजिनदाराच्या हाती द्यावी. मजूर आपल्या मजुरीस पात्र आहे हे सातव्या वचनातील तत्त्व, आपल्यासाठी पहाटे चूल पेटवणाऱ्या बहिणीलाही लागू होते.

3. काम कोणी ठरवावे?

25 एप्रिल 2015 रोजी, शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास, नेपाळमध्ये 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे 9 हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे 5 लाख घरे पूर्णपणे कोसळली. शाळांना सुट्टी होती म्हणून असंख्य मुले वाचली. पण ती उपासनेची वेळ होती, आणि काही मंडळ्यांच्या इमारती विश्वासणाऱ्यांवरच कोसळल्या. डोंगरातील घरे बहुतेक दगड-मातीची होती. 1993 च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंतींखाली आपली हजारो माणसे गेली, हे लातूर-उस्मानाबादकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

निघण्यापूर्वी आमच्या काही देणगीदारांची इच्छा होती की, चर्चच्या इमारतीसाठी पैसे द्यावेत आणि तिथे नावाची पाटी लावावी. आम्ही यजमान पाळकांना फोन करून विचारले. त्यांचे उत्तर साधे होते: मंडळीचे काम सर्वांत शेवटी. मंडळी दोन वर्षे पत्र्याखाली भजत होती आणि आणखी काही काळ भजू शकत होती. गावातील तीन कुटुंबांचा आणि एका विधवा आजीचा प्रश्न मात्र थांबणारा नव्हता. नेपाळ शासन घरबांधणीसाठी नेपाळी 3 लाख रुपयांचे अनुदान तीन हप्त्यांत देत होते, म्हणजे आपले सुमारे 1 लाख 87 हजार रुपये. पण ज्यांच्या जमिनीचे कागद नाहीत, त्यांना ते मिळवणे फार अवघड होते. चेपाङ समाजात असे लोक पुष्कळ आहेत. वनजमिनीच्या दाव्यांसाठी फेऱ्या मारणाऱ्या आपल्या पाड्यांवरच्या लोकांना हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

ही माहिती आम्हाला कोणत्याही अहवालात मिळाली नसती. ती त्या पाळकांना होती, कारण ते त्या घरांत जातात-येतात. ती चार कुटुंबे सगळी ख्रिस्ती होती असेही नाही. यादी गरज पाहून केलेली होती.

कामाच्या जागी मुख्य होता गावचाच गवंडी. भूकंपात टिकणारे घर कसे बांधायचे, याचे प्रशिक्षण त्याने घेतले होते. भिंतीत ठरावीक उंचीवर आडवे पट्टे कसे बांधायचे आणि भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड कुठे बसवायचे, हे तो जाणत होता. आम्ही त्याचे हमाल होतो. वाळू आणि दगड डोकोत भरायचे, म्हणजे पाठीवरच्या बांबूच्या टोपलीत, आणि कपाळावर पट्टा घेऊन चढण चढायची. पहिल्या दिवशी गावातल्या बायका आमच्यापेक्षा दुप्पट खेपा करीत होत्या. बाराव्या दिवशीही करीतच होत्या.

यावरून दोन नियम लिहून ठेवावेत. पहिला: ज्या कामासाठी गावातील माणसाला मजुरी मिळते, ते काम बाहेरच्याने फुकट करू नये. त्याला मजुरी द्यावी आणि आपण त्याच्या हाताखाली राबावे. दुसरा: आपण गेल्यावर ते काम कोण सांभाळील, याचे उत्तर मिळाल्याशिवाय सुरुवात करू नये. आमच्यातील एक मावची तरुण नळजोडणीचे काम करतो. भूकंपानंतर गावाजवळचा झरा आटला होता, आणि वरच्या झऱ्यावरून पाईप आणायचा होता. पाईप तापवून जोडण्याचे काम त्याने गावातील दोन मुलांना शिकवले आणि आपली हत्यारे त्यांच्याकडेच ठेवली. 2019 मध्ये आम्ही गेलो तेव्हा दरड कोसळून पाईप दोनदा फुटला होता, आणि दोन्ही वेळा त्या मुलांनीच तो जोडला होता.

आरोग्य शिबिरांनाही हेच लागू होते. परदेशी डॉक्टरला नेपाळमध्ये रुग्ण तपासण्यासाठी तिथल्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. शिवाय रक्तदाबाच्या रुग्णाला दहा दिवसांच्या गोळ्या देऊन आपण निघून गेलो, तर अकराव्या दिवशी त्याने काय करावे? जवळच्या आरोग्य चौकीशी आधी बोलणी झाली असतील, तरच असे शिबिर घ्यावे.

4. यासोनाचे काय झाले?

पौलाने परदेशी केलेल्या काही सेवाही अल्पकालीन होत्या. थेस्सलनीकात त्याने तीन शब्बाथ सभास्थानात वचन सांगितले, असे कृत्ये 17:2 मध्ये आहे. मग गडबड उडाली. जमाव पौलाला शोधत आला, पण सापडला यासोन, त्याचा यजमान. त्याला आणि इतर बंधूंना अधिकाऱ्यांपुढे ओढून नेले आणि जामीन घेऊन सोडले. पौल व सीला त्याच रात्री बिरुयाकडे निघाले. यासोन मात्र तिथेच राहिला, त्याच गल्लीत, त्याच शेजाऱ्यांमध्ये.

पौलाने हे स्वतःच्या सोयीसाठी केले नाही. बंधूंनीच त्याला पाठवले, आणि त्या मंडळीची चिंता त्याला इतकी लागली की त्याने तीमथ्याला परत तिकडे पाठवले (1 थेस्सल 3:1-5). परंतु परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने यासोनाचे नाव आपल्या पासपोर्टच्या पाकिटात लिहून ठेवावे, असे मला वाटते.

नेपाळच्या 2015 च्या संविधानातील 26 व्या कलमानुसार दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई आहे. ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या अपराध संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी व्यक्ती दोषी ठरली तर शिक्षा भोगल्यानंतर सात दिवसांत तिला देशाबाहेर पाठवले जाते. आपल्या शेजारच्या देशातील विश्वासणारे या कायद्याखाली रोज जगतात.

आमच्या दुसऱ्या भेटीच्या काही महिने आधी बाहेरून आलेल्या एका गटाने बाजाराच्या गावी बसथांब्यावर पत्रके वाटली आणि संध्याकाळच्या गाडीने ते निघून गेले. पुढचे तीन दिवस एका स्थानिक पाळकांना चौकीत जाऊन बसावे लागले. पत्रके कोणाची, पैसे कोणाचे, घरी कोण कोण येते, हे सारे प्रश्न त्यांना विचारले गेले. त्यांच्या मुलीला शाळेत टोमणे ऐकावे लागले. गटाच्या अहवालात मात्र पत्रकांची संख्या लिहिली गेली असेल, इतकेच.

मग सुवार्ता सांगायचीच नाही का? प्रभूच्या सेवकाला असे म्हणता येणार नाही. पण कुठे, केव्हा आणि कोणत्या शब्दांत बोलावे, हे यासोनाला विचारून ठरवावे. आम्ही यजमानांच्या सांगण्यावरून तीन गोष्टी पाळल्या. मंडळीत बोलावले तेव्हाच आणि स्थानिक बंधूच्या जोडीनेच बोललो. मदत देताना कोणाचाही विश्वास विचारला नाही आणि मदतीच्या जागी सभा घेतली नाही. कोणी आपणहून आमच्या आशेविषयी विचारले, तर पेत्राने शिकवल्याप्रमाणे सौम्यतेने उत्तर दिले (1 पेत्र 3:15). विधवा आजीचे घर उभे राहिल्यावर तिच्या शेजाऱ्याने, जो मंडळीत येत नाही, आमच्या गवंड्याला विचारले की हे लोक इतक्या दुरून का आले. उत्तर गवंड्याने दिले. ते त्यानेच द्यायला हवे होते, कारण तो शेजारी उद्याही त्याच्याशी बोलणार आहे.

छायाचित्रांविषयीही असेच समजावे. मुलांचे, आजाऱ्यांचे, बाप्तिस्म्याचे छायाचित्र काढून मोबाईलवरून पाठवायला एक क्षण पुरतो. पण ते कोणाच्या हाती पडेल आणि कोणाविरुद्ध वापरले जाईल, हे आपल्याला सांगता येत नाही. यजमानांनी होकार दिलेली छायाचित्रेच बरोबर आणावीत.

5. पैसा कसा न्यावा?

आता वडीलजनांच्या प्रश्नाकडे वळू. प्रवासखर्चाचे पैसेच पाठवले असते तर? कित्येकदा तेच योग्य असते. ज्या कामाला फक्त पैसा हवा आहे, तिथे पैसाच पाठवावा. माणसे तेव्हाच पाठवावीत, जेव्हा यजमानांनी माणसे मागितली आहेत.

अंत्युखियाच्या मंडळीने दुष्काळाच्या वेळी यहूदीयातील बांधवांना मदत पाठवली (कृत्ये 11:27-30). प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे दिले. ती मदत बर्णबा आणि शौल यांनी नेली, पण वाटली नाही. ती त्यांनी तिथल्या वडिलांच्या स्वाधीन केली. 2 करिंथ 8:18-21 मध्ये पौल मोठी रक्कम एकट्याने नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेले बंधू बरोबर घेतो, म्हणजे देवापुढे आणि माणसांपुढेही व्यवहार स्वच्छ राहावा.

आमच्या गटाने निघण्यापूर्वी ठरवले होते की, जितका प्रवासखर्च तितकीच रक्कम यजमानांच्या कामासाठी जमवायची, नाहीतर जायचे नाही. रक्कम दोघांनी मोजली, वडीलजनांना दिली, त्यांच्या सहीची पावती घेतली. कोणाही कुटुंबाच्या हाती आम्ही परस्पर पैसे ठेवले नाहीत. परस्पर दिलेल्या पाचशे रुपयांनी शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वर्षभर बोलणे बंद झालेले मी आपल्या पाड्यांवर पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट. आमच्या नऊ जणांतील चार जण आदिवासी पाड्यांवरचे होते. त्यांच्या मंडळ्यांनी भात विकून, लग्नसराईत मजुरी करून, कोंबड्या विकून त्यांचे भाडे जमवले. गरिबांकडून परदेशी सेवेसाठी पैसे घ्यावेत का, असे मला एका हितचिंतकाने विचारले. पौलाने मासेदोनियाच्या मंडळ्यांविषयी जे लिहिले आहे ते वाचा (2 करिंथ 8:1-5). त्या अत्यंत गरीब होत्या, तरी या सेवेत आम्हाला वाटा द्या अशी विनवणी त्यांनीच केली होती. ज्याला आपण नेहमी घेणाराच समजतो, त्याला देण्याची संधी नाकारणे ही दया नव्हे. आणि त्या डोंगरावर सर्वांत चांगले पाहुणे ठरले ते हेच चौघे. चढण, चूल, नागली, कागदाविना जमीन हे सारे त्यांच्या ओळखीचे होते.

6. परत आल्यावर काय सांगावे?

शिष्य आनंदाने परतले आणि भुतेही आम्हाला वश होतात असे सांगू लागले (लूक 10:17). प्रभूने त्यांचा आनंद नाकारला नाही, पण त्याची दिशा बदलली. आपल्या पराक्रमाचा आनंद मानू नका, तर तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना, असा विसाव्या वचनाचा अर्थ आहे. अहवाल लिहिणाऱ्याने हे वचन समोर ठेवावे. किती घरे, किती सभा, किती हात वर झाले, हे आकडे आपल्या नावावर मांडण्याचा मोह मोठा असतो. यजमानांनी काय केले आणि आम्ही त्यात कुठे हात लावला, अशा क्रमाने लिहिले तर अहवाल खरा होतो.

त्या मंडळीतील बायका रोजच्या स्वयंपाकाच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढतात आणि शनिवारी मंडळीत आणतात. मिझोरामच्या मंडळ्यांनीही मूठभर तांदळाच्या अशाच दानावर सेवाकार्य उभे केले आहे. आमच्या चौघांनी ही रीत घरी येऊन सांगितली. आता आपल्या दोन पाड्यांवरच्या महिलांनी नागलीची आणि तांदळाची मूठ बाजूला काढायला सुरुवात केली आहे. गेल्या पावसाळ्यात त्या धान्यातून तीन आजारी कुटुंबांना मदत झाली. आम्ही धादिङला काय दिले हे विचारणाऱ्यांनी, धादिङने आपल्याला काय दिले तेही विचारावे.

आणि प्रिय वाचकहो, आपणही आमच्या पाड्यांवर येता, नाताळात आणि उन्हाळ्यात. या, अवश्य या. येण्यापूर्वी मात्र पाड्यावरच्या पाळकांना फोन करून विचारा की, या दिवसांत तुम्हाला काय हवे आहे. कदाचित ते ब्लँकेट सांगतील. कदाचित दावे भरण्यासाठी लिहिता-वाचता येणारी दोन माणसे मागतील. कदाचित म्हणतील, भातकापणी झाल्यावर या, आणि आमच्याबरोबर बसून जेवा.

चर्चेसाठी प्रश्न

1. लूक 10:1-9 मधील कोणती सूचना आपल्या गटाला पाळायला सर्वांत कठीण जाईल? का?
2. आपण जिथे जाऊ इच्छितो, तिथल्या मंडळीने आपल्याला बोलावले आहे का? तिने कोणते काम सांगितले आहे?
3. आपण परतल्यावर तिथे 'यासोन' कोण असेल? आपल्या कोणत्या वागण्याची किंमत त्याला मोजावी लागू शकते?
4. आपण नेत असलेले पैसे कोण मोजेल, कोणाच्या हाती जातील, पावती कोण देईल?
5. आपल्या मंडळीत नेहमी मदत घेणाऱ्यांपैकी कोणाला आपण सेवेसाठी पाठवू शकतो?

प्रार्थनेचे विषय

नेपाळमधील मंडळ्यांना कठीण कायद्याखाली सौम्यता, शहाणपण आणि धैर्य मिळावे. कागदांविना राहिलेल्या चेपाङ कुटुंबांना आणि आपल्या पाड्यांवरच्या दावेदारांना त्यांच्या जमिनीचा हक्क मिळावा. सेवेला जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना यजमानांचे ऐकणारे कान लाभावेत, आणि त्यांना पाठवणाऱ्या मंडळ्यांचे हात उघडे राहावेत. आमेन.